'गाठीला सुई लावू नका' हे सांगणे आता थांबवा

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या आरोग्य पुरवणीत 'शस्त्रक्रियेमुळे कर्करोग पसरतो?' अशा मथळ्याची बातमी आली होती. आतला मजकूर तसा बरा होता. टाटा रुग्णालयाच्या एका अभ्यासाची माहिती होती, आकडेही बरोबर होते. पण मथळ्याचे कात्रण मजकुरापासून सुटले आणि एकटेच गावभर हिंडू लागले. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आले, माहेरी निफाडला पोचले, भिशीच्या ग्रुपवर आले. तिथवर येईतो प्रश्नचिन्ह गळून पडले होते आणि खाली कुणीतरी लिहिले होते, "म्हणूनच जुनी माणसं सांगायची, गाठीला सुई लावू नका, चाकू लावू नका." ज्या शहरात आनंदीबाईंची आनंदवल्ली आहे तिथल्या वाचकांना 'ध'चा 'मा' कसा होतो हे मी सांगायला नको.

मी निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ आहे. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ किंवा बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये आला की त्याची स्लाइड तयार करणारी बाई. रिपोर्टवर सही डॉक्टरांची, तुकड्याला हात आमचा. सगळी नोकरी नाशकातच झाली, शालिमार आणि गंगापूर रोड भागातल्या खासगी लॅबमध्ये. निदान करण्याचा अधिकार मला तेव्हा नव्हता आणि आता तर नाहीच. पण कर्करोग कुठून कुठे जातो हे रोज पाहण्यात आयुष्य गेले आहे, म्हणून हे पत्र.

आधी त्या अभ्यासाविषयी, कारण तो मोलाचा आहे आणि आपल्या माणसांनी केलेला आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या, थेट ऑपरेशनला घेता येतील अशा १,५८३ स्त्रिया. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत दहाएक वर्षे हे काम चालवले आणि २०२३ मध्ये ते 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. कोणती बाई कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता दोन गट पाडले. एका गटाचे नेहमीसारखे ऑपरेशन. दुसऱ्या गटात चाकू लावण्याआधी सात ते दहा मिनिटे गाठीच्या चहूबाजूंनी लिग्नोकेनचे अर्धा टक्क्याचे द्रावण टोचले, जास्तीत जास्त ६० मिली. लिग्नोकेन म्हणजे दाढ काढताना हिरडीत देतात तेच. शंभर रुपयांच्या आतले औषध. पाच वर्षांनी पाहिले तर इंजेक्शन मिळालेल्या गटात ८६.६ टक्के स्त्रियांचा आजार उलटलेला नव्हता, न मिळालेल्या गटात ८२.६ टक्के. हयात होत्या अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के.

शंभरात चार जणी. कर्करोगाच्या औषधांत एवढ्या फरकासाठी लाखांची बिले होतात हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या चारचे मोल कळेल.

आता कात्रण फिरवणाऱ्यांना विचारते, यातल्या कुठल्या गटाचे ऑपरेशन झाले नव्हते? दोन्ही गटांचे झाले होते. इंजेक्शन न मिळालेल्यांतही शंभरातल्या ८६ जणी पाच वर्षांनी हयात होत्या, त्या ऑपरेशन आणि पुढचे उपचार घेतल्यामुळेच. ऑपरेशन टाळून घरी बसवलेल्या बायकांचा गट या अभ्यासात नव्हता, आणि कुठलाही शहाणा डॉक्टर तसा गट करणार नाही. अभ्यास सांगतो की गाठीला हात लागतो त्या थोड्या वेळात काही पेशी निसटत असाव्यात, आणि आधी बधीर केले तर त्यांची हालचाल मंदावत असावी. लिग्नोकेन नसांतल्या सोडियमच्या वाटा बंद करते म्हणून आपल्याला बधिरता येते; तशाच वाटा कर्करोगाच्या पेशींवरही असतात आणि पेशींच्या सरकण्याशी त्यांचा संबंध आहे. म्हणजे चांगले ऑपरेशन आणखी चांगले कसे करता येईल याचा हा शोध. त्यातून 'ऑपरेशन करू नका' काढणे म्हणजे हेल्मेटवरचे संशोधन वाचून घराबाहेरच पडू नका म्हणण्यातला प्रकार झाला.

डॉ. बडवे या प्रश्नामागे पुष्कळ आधीपासून आहेत. ऑपरेशनच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे एकच इंजेक्शन देऊन त्यांनी पाहिले होते, त्याचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर ठोस फरक दिसला नाही. काखेतल्या ग्रंथींत आजार पोचलेल्या स्त्रियांत मात्र फायदा दिसला. तेही त्यांनी जसेच्या तसे मांडले. संशोधन असे चालते, इंचाइंचाने. मथळ्याला इंच पुरत नाही.

काखेतल्या ग्रंथींवरून आठवले ते सविस्तर सांगते, कारण 'पसरणे' म्हणजे नेमके काय हे बहुतेकांनी पाहिलेले नसते.

स्तन काढून आला की त्याच्यासोबत काखेतली चरबी येते. पिवळी, निसरडी. तिच्यात ग्रंथी शोधायच्या असतात, आम्ही त्यांना नोड म्हणायचो. नजरेला त्या पटकन सापडत नाहीत. अंगठा आणि तर्जनीत चरबी दाबत दाबत पुढे जायचे, काही घट्ट लागले की थांबायचे. निरोगी नोड मऊ असतो, कापला की राखाडी-तपकिरी दिसतो. आजार शिरलेला नोड पांढरट, कडक, पात्याखाली करकरतो. डॉक्टर एकेक कापून देत आणि मी तो कॅसेटमध्ये, म्हणजे जाळीच्या छोट्या डबीत, ठेवून वर नंबर घालत असे. नंबर पेन्सिलीनेच, कारण पेनाची शाई पुढच्या अल्कोहोल-झायलिनमध्ये धुऊन जाते आणि मग कुणाचा नोड कुणाचा हे देवालाही सांगता येणार नाही. रात्रभर ते सगळे यंत्रात फिरते, सकाळी पॅराफिन मेणात बसवून ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर चार मायक्रॉनची फीत कापायची, कोमट पाण्यावर सोडायची आणि सुरकुती पडू न देता काचेवर उचलायची. रंग दिला की नोडच्या कडेला, आवरणाच्या लगेच आत, जिथे लसिका (अवयवांतून ग्रंथींकडे वाहत येणारा द्रव) पहिल्यांदा शिरते तिथे वेगळ्या वाणाच्या पेशींचा पुंजका दिसतो. कधी एवढासा की डॉक्टर दुसरी, तिसरी फीत कापायला लावत.

तालुक्याहून येणाऱ्या गाठी बहुधा पाच-सहा सेंटीमीटरच्या असत. अर्जावर लिहिलेले असे, 'गाठ दीड वर्षापासून'. आणि पहिली सुई कधी लागली? ऑपरेशनच्या पंधरवडाभर आधी. काखेतले नोड मात्र एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेला. पंधरा दिवसांत नोड असे होत नाहीत. सुई लागण्याच्या किती तरी आधी आजार काखेत मुक्कामाला गेलेला असे. हे एकदा-दोनदा नाही, नोकरीभर पाहिले.

पुस्तकातही हेच आहे. १८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. यकृतात आजार गेलेला २४१ जणींत, प्लीहेत फक्त १७ जणींत, आणि प्लीहेला तर रक्तपुरवठा भरपूर. निव्वळ रक्तासोबत वाहत जाऊन कुठेही अडकणे एवढेच कारण असते तर असे झाले नसते. त्यांनी म्हटले की बी सगळीकडे पडते, रुजते मात्र मानवेल त्याच मातीत. दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे समजवावे लागणार नाही. पुढे १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या रक्तात कर्करोगाच्या खूण केलेल्या पेशी सोडल्या. चोवीस तासांत हजारात एखादीच जिवंत उरली आणि तिच्यातूनही नवी गाठ क्वचितच धरली. म्हणजे पेशी सुटली की माणूस संपला, असे नाही. शिवाय वाढती गाठ स्वतःच रोज पेशी सोडत असते, तिला सुईची वाट पाहावी लागत नाही. जितके दिवस ती अंगात, तितके दिवस हे पेरणे चालू.

अपवाद आहेत, ते लपवू नयेत. वृषणातल्या गाठीला बाहेरून सुई लावत नाहीत, तपासण्या करून सरळ जांघेतून शस्त्रक्रिया करतात. यकृतातल्या काही गाठींत सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, म्हणून तिथे स्कॅनवर निदान होत असेल तर सुई टाळतात. हे सर्जनांना माहीत असते. ज्याला माहीत नाही त्याच्याकडे जाऊच नये. पण या दोन-चार अपवादांच्या जोरावर स्तनाच्या, तोंडाच्या, मानेच्या गाठींची बायोप्सी रोखणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. मग रोखणारा इंजिनिअर का असेना. सोसायटीच्या ग्रुपवर तोच होता.

तोंडाचे बोलायलाच हवे, कारण पुरुषांचे तुकडे आमच्याकडे सगळ्यात जास्त तोंडाचेच येत. इथेही टाटाचेच काम आहे, डॉ. अनिल डिक्रूझ यांचे, २०१५ चे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला, मानेला हाताला काहीच लागत नाही. अशा वेळी मानेतले नोड त्याच ऑपरेशनमध्ये काढावेत, की पुढे फुगले तर पाहू म्हणून ठेवावेत? जगभर यावर वाद होता. ५०० रुग्णांच्या निष्कर्षात तीन वर्षांनी हयात असलेले, आधीच नोड काढलेल्यांत ८० टक्के, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. चाकू जास्त चालला त्या गटात माणसे जास्त वाचली. 'चाकू लागला की पसरतो' म्हणणाऱ्यांनी या आकड्यांचे काय करायचे ते सांगावे.

मग ही समजूत टिकते कशी? लोक मूर्ख असतात म्हणून नाही. पूर्वी पोट उघडायचे, आत सगळीकडे आजार दिसायचा, तसेच शिवून टाकायचे, आणि दोन-तीन महिन्यांत माणूस जायचा. नातेवाइकांनी काय पाहिले? चालत गेलेला माणूस टाके घालून आणला आणि गेला. 'हवा लागली' हे तिथूनच आले. आज सोनोग्राफी आणि सीटीमुळे तसे उघडून पाहणे पुष्कळ कमी झाले, पण हवा काही जात नाही. आमच्याच नात्यातल्या एका गृहस्थांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. दातांच्या डॉक्टरांनी तुकडा काढू म्हटले, तर थोरल्या जावेने हातापाया पडून थांबवले. कुणाच्या तरी सांगण्यावरून लेप सुरू झाला, गाल चोळणेही झाले. सुई नको म्हणणाऱ्यांना चोळणे कसे चालते हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. चट्ट्याचा तुकडा अर्ध्या तासाचे काम होते. पुढे आले ते अर्धा जबडा काढण्याचे.

लॅबच्या काउंटरवर हे रोज दिसे. मुलगा हातात पिशवी घेऊन उभा. पिशवीत लोणच्याची बरणी, बरणीत आईची गाठ. हळूच विचारणार, "ताई, हे कापलं म्हणून आता पसरणार तर नाही ना?" मी आधी बरणीचे झाकण उघडून वास घ्यायची. फॉर्मॅलिनचा, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाचा, झोंबरा वास आला तर ठीक. पण कित्येकदा नुसत्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये तुकडा ठेवलेला असे, नांदगावहून, सुरगाण्याहून एसटीने दिवसभर हिंदकळत आलेला. तो सडू लागलेला असतो, पेशी ओळखू येत नाहीत, आणि डॉक्टरांना 'नमुना अपुरा, पुन्हा पाठवा' लिहावे लागते. एवढ्या धीराने बायोप्सी करून घेतली आणि वीस रुपयांच्या फॉर्मॅलिनपायी ती वाया. हा दोष रुग्णाचा नाही, बरणी भरून देणाऱ्याचा. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवे, दहा टक्के तीव्रतेचे, आणि तोंड रुंद असलेली बरणी. ज्या छोट्या दवाखान्यांत हे होत नाही त्यांनी मनावर घ्यावे.

प्रतिबंधाविषयी फार लिहीत नाही, ते आपण छापतच असता. तरी एक बाब खटकते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी किती उपयोगाची हे जगाला दाखवले ते महाराष्ट्रातल्या बायकांनी. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली, दर दोन वर्षांनी. त्या भागात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने, सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, आयुष्यात एकदा केलेली चाचणी मृत्यू निम्म्यावर आणू शकते असे दिसले; ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत ही तपासणी एकदा तरी झालेल्या किती? १.९ टक्के. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, तंबाखू खाता का, तोंडात चट्टा आहे का विचारतात, आणि आपण "नाही नाही" म्हणून दार लावतो. मशेरी लावणारी सासू मागे ओट्याशीच उभी असते. गुटख्याला तर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. अंबडच्या टपऱ्यांवर ती बंदी कशी पाळतात हे आपल्या वार्ताहराने जाऊन पाहावे. मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, मिसळणारा गिऱ्हाईक. पण तपासणीत गाठ किंवा चट्टा सापडला आणि पुढे 'सुई नको' आडवे आले, तर ही सगळी यातायात तिथेच बुडते. म्हणून माझा रोख त्या समजुतीवर आहे.

बातमीदारीविषयी दोन शब्द, राग मानू नये. फेब्रुवारी २०२४ मध्येही 'शंभर रुपयांत कर्करोग पुन्हा होणार नाही' अशा थाटाच्या बातम्या सगळीकडे झळकल्या होत्या. द्राक्षांत असणारे रेझव्हेराट्रॉल आणि तांबे यांची ती गोळी. मरणाऱ्या कर्कपेशींतून बाहेर पडणारे गुणसूत्रांचे कण दुसऱ्या पेशींना बिघडवतात, या विचारावरचे काम आहे आणि विचार म्हणून विलक्षण आहे. पण आजार पुन्हा न होण्याचा मुख्य आधार उंदरांवरच्या प्रयोगांचा होता. त्या आठवड्यात ओळखीच्या दोघांनी केमो अर्धवट सोडून ती गोळी कुठे मिळते म्हणून मला फोन केला. मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पिटाळले.

तेव्हा विनंती अशी. कर्करोगावरची बातमी छापताना मथळ्याखालीच ठळक अक्षरांत तीन ओळी द्याव्यात. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर झाला, आणि तुलना कशाची कशाशी केली. कात्रण कापणाऱ्याला या ओळी मथळ्यासोबत घ्याव्याच लागतील अशी त्यांची मांडणी करा, पाने लावणाऱ्यांना ते सहज जमेल. शिवाय ज्या बहिणींचे स्तनाचे ऑपरेशन ठरले आहे त्यांनी सर्जनना सरळ विचारावे, "गाठीभोवती लिग्नोकेन देणार का?" ज्यांना आधी केमो चालू आहे त्यांना हा अभ्यास लागू होत नाही, कारण त्यात थेट ऑपरेशन होणाऱ्याच स्त्रिया होत्या. पण विचारायला काय हरकत? नाशकातल्या सर्जनांपैकी कोण देतात, कोण देत नाहीत आणि का, यावर आपल्या पुरवणीने त्यांनाच बोलते करावे. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथेही या विषयावर बोलणारी जाणती माणसे सापडतील.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
इंदिरानगर, नाशिक

ता. क. : मुंबईला टाटाला जाणाऱ्यांनी नाशिकच्या लॅबमधून नुसता रिपोर्ट नेऊ नये. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्यावेत, लॅबचा नंबर त्यांवर आणि रिपोर्टवर सारखाच आहे ना ते ताडून पाहावे. तिथले डॉक्टर तुकडा स्वतः पुन्हा पाहतात, आणि पुढची औषधे ठरवणाऱ्या हार्मोनच्या, हर-टूच्या तपासण्या ब्लॉकवरच होतात. पुष्कळ लोक पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने जातात, ब्लॉक नाही म्हणून परत येतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली मिळालेली जागाही जाते. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत, मेण वितळते.